लिओफेची पट्टी

फोक्कोने थैली उलटी केली. जुन्या जरीच्या पट्ट्या विल्बर्गच्या मांडीवर पडल्या.

"यातलं सोनं सोडवून दे, बाई. मठातल्या झग्याच्या काठाला हवंय," तो म्हणाला. समुद्रापलीकडचा हा व्यापारी केंटच्या किनाऱ्यावर कालच उतरला होता.

विल्बर्ग सुईच्या टोकाने सोन्याची चपटी तार उचलू लागली. तिसऱ्या पट्टीवर तिचा हात थांबला. लाल रेशीम, सोनेरी चौकोन, आणि शेवटचा चौकोन तिरका. लिओफेच्या हट्टापायी तिनेच तो तसा विणला होता.

लिओफे तिची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी विल्बर्ग मठात विणायला गेली असताना ती तापाने गेली. विल्बर्ग परतली तेव्हा तिच्या नवऱ्याने, कुथाने, पोरीला मातीही दिली होती. "तुझी पट्टी कपाळाला बांधूनच निजवलंय गं तिला," असं सांगताना तो ढसाढसा रडला होता.

"थडगं फोडलंस माझ्या पोरीचं!" विल्बर्ग किंचाळली.

कुथा अंगणातून धावत आला. त्याने पट्टी पाहिली आणि तो पांढराफटक पडला.

"हा कोण?" फोक्कोने विचारलं.

"तिचा बाप!"

फोक्कोने तोंड मिटलं ते मिटलंच. कुथाने त्याचे हात खांबाला करकचून बांधले.

"याचं काही ऐकू नकोस. गावाला बोलावतो. आजच फासावर जाईल हा!" कुथा धावत सुटला.

"मेल्या, बोल की! मेलेल्या लेकराच्या अंगाला हात लावताना लाज नाही वाटली?"

फोक्कोने दाराकडे पाहिलं. पावलं लांब गेली होती.

"बाई, तू विणकरीण ना? ते रेशीम नीट बघ. चार वर्षं मातीत राहिलेलं दिसतंय?"

विल्बर्गने पट्टी बोटांत धरली. धागा न् धागा शाबूत होता. एका टोकाला एक लांब केस अडकला होता, लिओफेच्या केसांसारखा पिवळाधमक.

"कुठून आणलीस?"

"पलीकडच्या बंदरात एका दासीने दिली. सोन्याचं काम नुसतं निमित्त. म्हणाली, 'माझ्या आईला दाखव, पण बाबांसमोर बोलू नकोस. मला त्यांनीच विकलं.'"