मोकळं केल्याचा दाखला

"तुमची जात विमुक्त, म्हंजे सरकारनं मोकळी केलेली," कारकून म्हणाला. "पण आजा त्याच जातीचा होता, याचा एकसष्ट सालाआधीचा कागद लागते."

पोरीच्या जातीच्या दाखल्यासाठी रूपसिंगची तांड्यावरून तहसिलीत ही सहावी खेप. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या आज्याचा घरात एकच कागद होता. इंग्रजांच्या कायद्यानं अख्खा तांडा जन्मतःच चोर ठरवला, तेव्हाची पोलिसाची चिठ्ठी, नाव-जातीसकट: सासुरवाडीला एक रात्र राहायची परवानगी. रूपसिंगनं ती टेबलावर ठेवली.

कारकुनाचा चेहरा खुलला. "वा! एवढा पक्का पुरावा पहिलेच काहून नाही आणला?" त्यानं अर्जावर शिक्का हाणला.

रूपसिंगनं हात जोडले.



"साहेब, आता घरी जाऊ काय, का त्याचीबी चिठ्ठी देता?"