सी, लुक आणि वॉच

सी, लुक आणि वॉच या तीन शब्दांतला फरक ज्याला कळला, त्याला अख्खं इंग्रजी कळलं, असं लालासाहेब सरांनी कोरेगावच्या शाळेत नोकरीभर ठणकावून सांगितलं. निवृत्तीनंतर ऐकायला एकट्या त्यांच्या पत्नी मनुबाई उरल्या, त्याही लसूण सोलता सोलता.

पुण्यात राहणाऱ्या मुलानं, प्रशांतनं, सुट्टीला येऊन ओसरीवर कॅमेरा बसवला. "आता तुम्ही मला रोज मोबाइलवर दिसणार," म्हणाला. त्यानंतर त्याचे फोन थांबले.

"नुसतं दिसतं ते सी. मुद्दाम बघतो ते लुक. लक्ष ठेवून असतो ते वॉच," सर म्हणाले.

"मग आपलं पोरगं ह्यातलं काय करतंय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवरचं ओलं लुगडं नेमकं कॅमेऱ्यावर पडलं. लगेच फोन वाजला.

"आई, कॅमेऱ्यावर काय आलंय? मला काहीच दिसत नाही."

"लुगडं हाय रं. न्याहारी केलीस का?"

"केली. तू आधी ते काढ."

मनुबाईंनी लुगडं काढलं. फोन बंद झाला.



"आवं," त्या सरांना म्हणाल्या, "उद्या तुमचा टॉवेल द्या. रोज लुगडंच पडलं तर त्याला संशय येईल."