डबा कुठल्या दारानं नेला

"आवं नानासो, आमचा डबा आत नेला, तवा कुठल्या दारानं नेला?"

मायानं विचारलं आणि नानासोंच्या ओट्यावरचे पाहुणेसुद्धा वळून बघायला लागले. हे विचारून दाखीव, असं मैत्रिणींनी सकाळी नळावर तिला चिडवलं होतं. आता त्या कुंपणापलीकडं उभ्या राहून बघत होत्या.

माजघरातून डब्याचं बोंबलणं चालूच होतं. सलग, एकाच सुरात, दाढ ठणकावी तसं.

डबा म्हणजे यूपीएस. मायाचा बाप राजाराम सांगलीत ज्या ऑफिसात शिपाई होता, तिथनं भंगारात निघालेला. लाईट गेली की कॉम्प्युटर दहा मिनिटं जिवंत ठेवायचा, एवढंच त्याचं काम, आणि आतली बॅटरी तर मेलेलीच. मायानं ती काढून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी बाहेरून जोडली, डबा तापतो म्हणून मागं छोटा पंखा बसवला, आणि लाईट गेली तरी घरात तीन तास ट्यूब जळायला लागली. तिचं दहावीचं वर्ष होतं. लाईट रोज जायची.

दसऱ्यापुरता म्हणून नानासोंनी डबा मागून नेला. मायाची आई, भामाबाई, त्यांच्याच द्राक्षबागेत कामाला. नाही कोण म्हणणार? खंडेनवमीला ट्रॅक्टर, पंप यांच्याबरोबर डब्यालाही हळदीकुंकू लागलं. नानासोंचा थोरला आकाराम, त्यानं नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तीनं डब्यावर शिंपडलं. ते जाळीतून आत गेलं. प्लग उपसला तरी डबा गप्प बसेना. बॅटरी जोडलेली आहे हे कुणाच्या ध्यानात नाही, मग भूत शिरलं म्हणून घरातल्या बाया परसात जाऊन बसल्या. आकारामनं हात लावला आणि असा झटका खाल्ला की अजून दंड चोळत होता. म्हणून राजारामला बोलावणं. राजारामला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यानं लेकीला आणलं.

पोरीला मागच्या दारानं आत पाठव, असं नानासोंनी सांगितलं. राजाराम गोठ्याकडच्या बोळाला वळलाही. माया हलली नाही. हलली नाही, आणि ते विचारून बसली.

"लय शानी झालीस," नानासो म्हणाले. "डबा वस्तू हाय. वस्तूचं काय एवढं?"

"त्या वस्तूला तुमी कुंकू लावलं. ती माझ्या हातनं झालीया."

राजाराम हळूच म्हणाला, "माये, गप." ती गप्प झाली, पण जागची हलली नाही.

काय काढायचं ते तिथनंच सांग, असं नानासोंनी फर्मावलं. तिनं सांगितलं. आधी काळी क्लिप, मग लाल. हात कोरडा पाहिजे, पायाखाली कोरडं लाकूड पाहिजे. सगळं खरं सांगितलं. नानासोंनी आकारामकडं बघितलं. आकारामनं छपराकडं बघितलं.

पाहुणे सोयरीक जमवायला आले होते आणि मघापासून एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होते. त्यातला म्हातारा शेवटी कावला. "नानासो, येऊ द्या की पोरीला. कान गेलं आमचं."

नानासो दारातून बाजूला झाले.

माया पायरी चढली. चपला दारात काढल्या, सगळेच काढतात तशा. आत देव्हाऱ्यापुढं पाट होता. तो तिनं ओढला आणि त्यावर उभी राहिली. कोपऱ्यात नानासोंची आई, रंगूबाई, एकटीच घर धरून बसली होती. तिचा हात तोंडाशी गेला. मायानं काळी क्लिप काढली, मग लाल काढली.

डबा थांबला. घर इतकं शांत झालं की परसातल्या बायांची कुजबूज ऐकू आली. बटणाला एक तांदूळ चिकटला होता. तो तिनं नखानं उडवला.

"ऱ्हाऊ दे हितंच," नानासो दारातून म्हणाले. "नीट कर आन दिवाळीपतूर ऱ्हाऊ दे."

मायानं डबा काखेत मारला. मग त्यांच्या खांद्यावरून बाहेर बापाकडं बघत म्हणाली, "आण्णा, बॅटरी मला उचलायची न्हाई. आत या."

राजाराम उंबऱ्याशी आला आणि थांबला. कुठला पाय आधी टाकावा, हेच कळत नसल्यासारखा. मग त्यानं टाकला.

घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. उद्या छाटणीला मला बोलावत्याल का, असं भामाबाई दारातच विचारत होती, आणि राजाराम आता सगळं एकदम बोलत होता: तोंड लय सुटलंय हिचं, ऱ्हायचं ह्याच गावात हाय.

मायानं अंगणात डब्याचं झाकण उघडलं. आत नारळाच्या गोडाला मुंग्या लागल्या होत्या. ती फडक्यानं एकेक कोपरा पुसत राहिली, दोघांचं बोलून होईपर्यंत. मग मान वर न करता म्हणाली,

"ह्यो उन्हात वाळवणार. चालू झाला की आपल्या बुद्धविहारात ठिवणार. आता कुणी मागून न्यायचा न्हाई. ज्याला उजेड पायजे, त्यानं पुस्तक घिऊन तितं बसायचं."

"आन नानासोंची नात आली तर?" भामाबाईनं विचारलं.

"येऊ दे की. विहाराला दार एकच हाय."