तेरा दिवसांचा गहू

"हे थांबल्यालं पाणी हाय," प्रयागबाई म्हणाली. "वाहतं पायजे."

निरवांगीच्या बंधाऱ्यावर ती परात घेऊन उभी होती. परातीत वीतभर वाढलेला हिरवागार गहू. समोर नीरा काठोकाठ भरलेली, पण बंधाऱ्याला दारं घातलेली. पाण्यावरचं शेवाळ जागचं हलत नव्हतं.

"आता नदी बी चालंना व्हय तुला?" रामहरी म्हणाला. "आण हिकडं, टाकतो."

तिनं परात छातीशी धरली.

गहू सोनबाच्या सांगण्यावरून पेरलेला. सोनबा त्यांचा एकुलता एक मुलगा. जहाजाच्या इंजिनावर कामाला होता. मालकानं हात वर केले आणि जहाज इराणच्या एका बंदराबाहेर नांगर टाकून पडलं, त्याला आठ महिने झाले. खलाशांना उतरायचं तर कागदावर सही हवी, आणि सही कुठंतरी टेबलावर पडलेली. शेवटचा फोन आला तेव्हा सोनबा मधून मधून खोकत होता.

"आये, आठ दिसांनी हितं नवरोज हाय. यांचं नवं साल. दिवस-रात सारखी झाली की लागतं. लय जुनी चाल हाय म्हणं, हजारो वर्सांची. त्यात तेरा दिवस समदं बंद. आता किनाऱ्यावरची, रिचार्ज आणणारी होडी येणार न्हाय, म्हंजी फोन बी न्हाय. चौदाव्या दिवशी ऑफिस उघडलं की आमची सही. तू जिवाला लावून घिऊ नगं."

"सणाला काय करत्यात रं ते?" तिनं विचारलं. फोन जरा लांबावा, एवढ्यासाठीच.

"ताटात गहू उगवत्यात. आरसा, दिवा ठेवत्यात. त्यांच्या भाषेतल्या 'स'च्या सात वस्तू मांडत्यात. आन तेराव्या दिवशी गहू वाहत्या पाण्यात सोडत्यात. घराचं वरसाचं दुखणं-खुपणं घिऊन जातो म्हणं."

झालं. त्या देशातल्या माणसांनी सही करायची, तर त्या देशातल्या देवाला काहीतरी पोचवायला हवं, एवढं प्रयागबाईला कळलं. तिनं गहू भिजवला. मातीशिवाय उगवतो म्हणे. तिचा विश्वास बसेना, तिनं मूठभर काळी माती घातलीच. त्यांच्या सात वस्तू कोणत्या, ते विचारायच्या आत फोन तुटलेला. मग आरसा-दिव्याशेजारी तिनं आपल्या मांडल्या. सफरचंद, साखर, सुपारी, सुंठ, साबुदाणा, संत्रं. सातवी सुचेना. शेवटी तिनं सोनबाचाच फोटो ठेवला.

शेजारची शकुबाई ताक मागायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"घट दसऱ्याला बसवत्यात. तू ह्यो कुणाचा बसवलास?"

"इराणचा."

"त्यांच्यात फोटूपुढं दिवा लावत्यात? जित्या माणसाच्या?"

प्रयागबाईनं दिवा दोन बोटं आरशाकडं सरकवला. उजेड फोटोवर पडायचा तो पडतच राहिला.

आपला पाडवा मधेच येऊन गेला. दारात गुढी, आत परात. "एका घरात दोन-दोन पाडवे," रामहरी म्हणाला, "आन खाणारी तोंडं दोनच." त्याला हे सगळं पटत नव्हतं. पण सकाळी ती झोपेत असली की तो गुपचूप गव्हावर पाणी शिंपडायचा. तिला ते माहीत होतं. परात रोज तिच्या हाताआधीच ओली असायची.

आणि आज तेरावा दिवस. बंधाऱ्यावरून ती हलेना.

"वाहतं म्हणला हुता," ती पुन्हा म्हणाली.

रामहरीनं आधी नदीकडं, मग तिच्याकडं पाहिलं. "चल," तो म्हणाला. "लाइट जायच्या आत चल."

घाईघाईनं दोघं रानात गेली. विहिरीवरची मोटार त्यानं चालू केली. ऊस कालच भिजलेला, पाण्याची गरज नव्हती. पाटात पाणी आलं, आधी मळकं, मग निवळ. प्रयागबाई वाकली. गहू मुळांच्या गुंत्यासकट परातीतून सुटला, एकदा गिरकी घेऊन पाटानं उसात शिरला. तिनं हात जोडले. रामहरीनं टोपी काढली. का काढली, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"गेलं दुखणं," ती म्हणाली. त्या रात्री ती दोन भाकरी जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. जहाजावरचा स्वयंपाकी हिंदीतून बोलत होता. रामहरी ओट्यावर उभ्यानं ऐकत राहिला. "व्हय. बापच बोलतोय." मग, "कधी?"

तो आत आला. प्रयागबाई रिकामी परात घासत होती.

"सही झाली," तो म्हणाला. "धाडून देत्यात त्याला."

ती उठायला लागली. त्यानं खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि हात तसाच राहू दिला.

"ताप डोक्यात गेला. त्यांच्या सालाच्या पयल्याच दिवशी. सांगायला होडी नव्हती."

परातीतली राख तिच्या मनगटापर्यंत आली होती. तशाच हातानं ती बोटांची पेरं मोजू लागली. पहिल्या दिवसापासून, एक-एक पेर अंगठ्यानं दाबत. कालच्या दिवसावर अंगठा थांबला.

"म्हंजी काल तेरावा हुता त्याचा," ती म्हणाली.

रामहरीनं परात बाजूला सरकवली.

"वाहत्या पाण्यात झाला," ती म्हणाली. "मोटार तुमीच चालू केली."