श्यामसुंदर लवकर आला

उदयने दार उघडलं, तर समोर त्याच्याच कथेतला माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंतचं मळकं धोतर, काखेत गुंडाळलेला कागद, उजवा हात मनगटापर्यंत निळीने रंगलेला. वर्णन शब्दाला शब्द जुळत होतं.

"दादा, मुलीचं चित्र आणलंय," म्हातारा बंगालीत म्हणाला.

उदय बँकेतला अधिकारी. बदली होऊन कोलकात्यात आला, बालीगंजच्या फ्लॅटमध्ये मुरला, आणि दिवाळी अंकांसाठी कालप्रवासाच्या विज्ञानकथा लिहू लागला. प्रत्येक कथेत दोनशे वर्षांपूर्वीचा एक चितारी हटकून यायचा, श्यामसुंदर. नाव उदयने दिलेलं, पण त्याचं काम पुरुलियाच्या दौऱ्यात ऐकलेलं होतं. तिकडच्या काही खेड्यांत घरातलं माणूस गेलं की चितारी त्याचं चित्र घेऊन दारात येतो. चित्रात सगळं असतं, फक्त बुबुळं नसतात. घरच्यांनी तांदूळ घातले की तो बुबुळं काढतो, आणि गेलेल्याला तिकडे, परलोकात, दिसू लागतं. उदयने त्याला काळातून हिंडायला लावलं आणि वर एक खोड चिकटवली. याचं वेळेचं गणित कच्चं. माणूस जायच्या आधीच हा दारात हजर. वाचक पोट धरून हसायचे. विजयाने, म्हणजे उदयच्या बायकोने, यातलं अक्षरही वाचलेलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते असं.

म्हाताऱ्याने कागद उलगडला. चित्रात उदयची मुलगी केतकी होती. झोपाळ्यावरून पडली तेव्हाचा डाव्या भुवईवरचा व्रण होता, गळ्यात न्यू टाउनच्या ऑफिसचं ओळखपत्र होतं, निळ्या पट्ट्यासकट. कागद इतका जुना की कडांचा भुगा होत होता. रंग मात्र ओले. डोळ्यांच्या जागा पांढऱ्या.

"अहो, कोण आहे?" विजयाने स्वयंपाकघरातून विचारलं. "केतकी आली का?"

म्हाताऱ्याला मराठी कळायचं काही कारण नव्हतं. पण त्याने दाराशी पडलेल्या केतकीच्या घरातल्या चपला पाहिल्या, मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आणि जीभ चावली.

"लवकर आलो वाटतं. चुकतं माझं, दादा." चित्र उदयच्या हातात देऊन तो जिना उतरू लागला. "असू द्या तोवर. डोळे द्यायला येतो परत."

उदयने दार लावून घेतलं. फाडून टाकावं? एका कथेत बापाने असंच चित्र फाडलं होतं, आणि मुलगा जेवता जेवता पानावर कोसळला होता. ती कल्पना उदयचीच. सुचली तेव्हा स्वतःवरच खूश होऊन त्याने दोनदा चहा घेतला होता. पण आणखी एक नियमही त्यानेच लिहिला होता. बुबुळं नाहीत तोवर माणूस इकडचाच. म्हणजे डोळे द्यायचे नाहीत, बस्स. म्हातारा परत आला तर दारच उघडायचं नाही.

त्याने चित्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं. विजया पदराला हात पुसत आली.

"अगं बाई, आपली केतकीच की! कुणी काढलं?"

"तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी पाठवलंय," तो म्हणाला. तिला कशाला उगाच घाबरवा. "रंग ओला आहे. जपून."

"आणि डोळे कुठे गेले?"

"राहिले असतील," एवढंच म्हणून तो फोन घेऊन बाल्कनीत गेला.

केतकीने लगेच फोन उचलला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"कुठे आहेस गं?"

"कॅबमध्ये, बाबा. फ्लायओव्हरवर. का?"

"पट्टा लावलायस?"

"मागच्या सीटवर कोण लावतं?"

"लाव. आणि ड्रायव्हरला सांग, पूल उतरला की गाडी बाजूला घे म्हणावं. तू तिथेच थांब, मी येतो न्यायला."

ती हसली. "बाबा, तू पण ना! परत कुठली तरी स्टोरी लिहितोयस, आणि टेन्शन मला देतोस."

"केतकी, एवढं ऐक माझं. तुझ्या पाया पडतो."

बाप असं बोलत नाही, हे तिलाही कळलं. "बरं, लावते," ती म्हणाली. ड्रायव्हरशी ती बंगालीत काहीतरी बोलू लागली, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला. थांबेचना. मग एकाएकी थांबला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना.

"केतकी? केतकी!"

फोन कानाला तसाच धरून तो आत धावला. विजया टेबलावर वाकली होती. हातात काजळाची जुनी डबी होती. केतकी तान्ही असताना जी रोज तिच्या आंघोळीनंतर बाहेर निघायची आणि एरवी देवघरात असायची, तीच.

"इतकं गोड काढलंय, नजर लागेल हो एखाद्याची," ती म्हणाली. "म्हटलं गालाला तीट लावावी. मग ते पांढरे डोळे बघवेनात. तिथेही काजळाचं बोट टेकवलं. बघा ना, आता कशी जिवंत वाटते!"

चित्रातली केतकी त्याच्याकडे बघत होती.

"बाबा," फोनमधून आवाज आला. मागे गाड्या नव्हत्या, वारा नव्हता, कसलाच आवाज नव्हता. "आता मला दिसतंय सगळं. आईला बोल ना, बोट पुसून घे. तिच्या पदराला काजळ लागतंय."