जरा हळू, काकू

"ओवी! ऐकू येतंय का गं?" स्नेहलताई ओरडल्या. फलटणच्या मैदानावर खो-खो शिकवण्यात उभा जन्म गेलेला तो गळा. लेक अवकाशातून परत येताना कमी कसा पडेल!

पण पलीकडून नुसती खरखर आली.

"काकू, हळू बोला," शेजारी बसलेला नियंत्रण केंद्रातला अभियंता निनाद म्हणाला. "तिच्या यानाभोवतीच्या हवेचा तापून प्लाझ्मा झालाय. त्यातून तुमचा आवाज लेसरचा किरण नेतोय. तुम्ही ओरडलात की किरण प्रखर होतो आणि त्या प्लाझ्मात फाटतो. चिंध्या होतात त्याच्या. बराच प्रकाश तर उलटा आपल्याकडेच येतो."

"अरे, पण ती केवढी लांब आहे!"

"असू दे. बाळाला निजवताना बोलतात ना, तसं बोला."

स्नेहलताईंना ते कधी जमलंच नव्हतं. ओवीला निजवायचे तिचे बाबा. ताईंनी माइक ओठांशी धरला आणि कुजबुजल्या, "घाबरलीस का गं?"

"घाबरले होते," आगीच्या लोळातून स्वच्छ आवाज आला. "पण आई, तू आज पहिल्यांदाच इतक्या जवळून बोलतेयस. बोलत राहा ना."

ताई बोलत राहिल्या. मांजरीच्या पिल्लांबद्दल, सकाळी करून ठेवलेल्या शेंगोळ्यांबद्दल, काहीबाही.

पडद्यावर यानाची छत्री उघडली. "सुटलो! आता हवं तेवढं ओरडा, काकू," निनाद हसत म्हणाला.

ताईंनी तोंड उघडलं, पण त्याआधीच पलीकडून थेट त्यांचाच गळा कडाडला आणि अख्खी खोली दचकली.

"आई, शेंगोळे गरम कर!"