देशी कापसाची माळ

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक शेजारच्या टेबलापाशी आले आणि हर्षालीनं घाईघाईनं आपल्या टेबलावर नजर टाकली. कापसाच्या दोन जातींचे डीएनए दाखवणाऱ्या तिच्या मणिमाळा चक्क सारख्या लांबीच्या!

“आई, तू हात लावलास?”

“तेच ते मणी कितींदा ओवले होते वं तू! चुकली असशील म्हणून काढले,” मंगळसूत्रं ओवणारी आई कौतुकानं म्हणाली.

“अगं, देशी कापसाच्या डीएनएत तोच मजकूर पुन्हा पुन्हा येतो! म्हणून तर त्याची माळ अमेरिकी रानकापसाच्या माळेच्या दुप्पट होती!”

आईचा चेहरा एवढासा झाला. तिनं पदराची गाठ सोडली. सगळे मणी जपून ठेवलेले! हर्षालीचा राग कुठल्या कुठे पळाला. तेवढ्यात परीक्षक समोर आले.

“सर, देशी माळ कशी वाढते, डोळ्यांदेखत बघा! ओव ना आई, तेच ते, पुन्हा पुन्हा!”